जुन्या गाडीच्या चासीला कोणतं कोटिंग? कोल्हापुरात पहिल्यांदाच रिस्टोरेशन करणाऱ्यांसाठी

बॉडी उतरवली, इंजिन स्टँडवर गेलं आणि चासी एकटी समोर आली, की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो: "हिला सगळ्यात भारी रंग कोणता?" उद्यमनगरात चार ठिकाणी विचारलंत तर चार उत्तरं मिळतील आणि चारही आपापल्या जागी बरोबर असतील. कोटिंग ठरवायच्या आधी दोन गोष्टी ठरायला लागतात. लोखंड तुम्ही कितपत स्वच्छ करू शकता, आणि चासीच्या बंद भागांच्या आत काय पोचू शकतं. या दोन्हींचं उत्तर मिळालं की कोटिंग जवळजवळ आपोआप ठरतं. क्रम उलटा झाला तर महागातला रंगही लवकर फुगतो आणि त्याच्या खाली गंज निवांत पसरत राहतो.

आपल्या भागात हे जास्तच सांभाळावं लागतं. चार महिने पाऊस, गगनबावडा-राधानगरीकडे तर तो थांबायचं नाव घेत नाही. ऊसाच्या रानातला काळा चिखल चासीच्या कोपऱ्यात बसला की आठवडेच्या आठवडे ओलावा धरून ठेवतो. घाट उतरून मालवण-रत्नागिरीला गेलं की खारी हवा. त्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्याही आता रिस्टोरेशनसाठी विकत मिळतात. अशा गाडीच्या चासीत आत गाळ असणार, हे धरूनच चालायचं.

आधी गाडी ओळखा

जीप, सुमो, जुना पिकअप यांना वेगळी चासी असते. बॉडी उचलली की ती मोकळी होते आणि पुढे दिलेले सगळे पर्याय तुमच्यापुढे खुले असतात. बुलेट, राजदूत, येझदी यांना पाइपची फ्रेम. ती लहान, हाताळायला सोपी. अँबेसेडर आणि पद्मिनीला मात्र वेगळी चासी नाहीच, तळाचा पत्रा आणि बॉडी एकच. बजाज चेतकही पत्र्याचीच एकसंध, तर लँब्रेटाला पाइपची फ्रेम. एकसंध बॉडीच्या गाडीला गॅल्व्हनायझिंगचा (वितळलेल्या जस्तात बुडवण्याचा) विचारसुद्धा करू नका. तिथे हाताने सफाई, इपॉक्सी प्रायमर आणि आतून मेणाचा फवारा, हाच रस्ता.

मग चासी हातोडीने तपासा. लहान हातोडीने सगळीकडे ठोकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बदबद वाजतं. शंका आली तिथे जाड स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, क्रॉस मेंबरचे (चासीतल्या आडव्या पट्ट्यांचे) जोड, बॉडी बसते त्या जागा, मागचा शेवटचा क्रॉस मेंबर आणि बॅटरीखालचा भाग आधी बघा. बॅटरीच्या ॲसिडने खाल्लेला भाग वरून धड दिसतो आणि टोचल्यावर कळतो.

वेल्डिंगचं जे काही काम असेल ते आत्ता, कोटिंगच्या आधी. नंतर वेल्डिंग केलं की आजूबाजूचा थर जळतो, आणि जस्ताचं कोटिंग असेल तर त्याचा धूर फुप्फुसात जाऊन ताप भरतो. दोन पत्रे एकमेकांवर चढवून फक्त टाके मारले तर मधल्या फटीत पाणी राहतं. पॅच सगळीकडून सलग वेल्ड करून घ्या.

आणि चासी नंबर. काम सुरू व्हायच्या आधी त्याचा स्पष्ट फोटो काढा, आरटीओच्या कामाला घेतात तसा कागदावर पेन्सिलीचा ठसा घ्या. ब्लास्टिंगला (वेगाने कण मारून लोखंड साफ करायला) देताना नंबरवर जाड रबर किंवा टेपचे अनेक थर लावून द्या, आणि ब्लास्टिंग करणाऱ्याला ती जागा हात लावून दाखवा, नुसतं फोनवर सांगू नका. ग्राइंडरचा एक फेरा नंबरवरून गेला तर पुढची कागदपत्रं फार अवघड होतात. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे. तुमची गाडी त्या वयाची असेल तर नंबर आणि मूळ बांधणी दोन्ही जपायला आणखी एक कारण आहे.

सफाई: पैसे इथे घाला

ग्रीस आणि ऑइल आधी काढायचं, गंज नंतर. बरेचजण उलटं करतात. ग्रीस लागलेल्या लोखंडावर ब्लास्टिंग केलं की ते तेल खरबरीत पृष्ठभागात ठोकलं जातं आणि पुढे रंग तिथूनच सुटतो. डिग्रीझर आणि ब्रशने दोनदा धुवा, खरवडणीने कोपऱ्यातले जुने थर काढा, प्रेशर वॉशरने बंद पेट्यांच्या, म्हणजे चासीच्या आतून पोकळ भागांच्या, आतही पाणी मारा. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. मग पूर्ण वाळू द्या.

मोकळ्या चासीला ब्लास्टिंगसारखं दुसरं काही नाही. कोल्हापूरचं नशीब असं, की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री उद्योग मोठा आहे आणि कास्टिंग साफ करायला शॉट ब्लास्टिंग लागतंच. त्यामुळे हे काम जाणणारे लोक इथे शोधावे लागत नाहीत. जॉबवर्क घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. चासी मशीनमध्ये किंवा ब्लास्टिंग रूममध्ये मावते का? माध्यम कोणतं, गोल शॉट की धारदार ग्रिट? रंग धरण्यासाठी ग्रिट चांगलं, कारण त्याने पृष्ठभागावर टोकदार खरबरीतपणा येतो. नुसत्या गोल शॉटने लोखंड चकाकतं, पण रंगाला पकड कमी मिळते. आणि सफाई कोणत्या दर्जापर्यंत? "एसए अडीच" म्हणा, त्यांना कळतं. म्हणजे लोखंड जवळजवळ पांढरट दिसायला हवं, फक्त कुठेकुठे पुसट डाग राहिले तर चालतात.

नदीची वाळू वापरून उघड्यावर ब्लास्टिंग करणारा कोणी भेटला तर त्याला काम देऊ नका. वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि ती धूळ त्या कामगाराच्या छातीत जाते. ग्रिट, गार्नेट किंवा कॉपर स्लॅग वापरणारा शोधा.

ब्लास्टिंग परवडत नसेल किंवा गाडी एकसंध बॉडीची असेल, तर ग्राइंडरला कप ब्रश, कोपऱ्यांना हातब्रश आणि खरवडणी. कप ब्रशने गंज चकचकीत होतो आणि गेल्यासारखा वाटतो; खड्ड्यांत तो असतोच. हे मान्य करूनच पुढचं कोटिंग निवडायचं. जुन्या रंगात शिसं आणि क्रोमेट असू शकतं, म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, त्याला पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरा आणि चांगला मास्क लावा.

ब्रॅकेट, क्लँप अशा लहान लोखंडी तुकड्यांसाठी आपल्या भागातला एक सोपा उपाय आहे: साखर कारखान्यातली पातळ मळी (मोलॅसिस). एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी करून त्यात तुकडे बुडवून ठेवले तर आठवडा-दोन आठवड्यांत गंज सुटतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास सहन करावा लागतो, आणि ॲल्युमिनियमचे तुकडे त्यात टाकायचे नाहीत. चासीसाठी मात्र ॲसिडचा कुठलाही हौद नको. रिव्हेट मारलेल्या दोन पट्ट्यांच्या फटीत शिरलेलं ॲसिड धुऊन निघत नाही, ते आतून खात राहतं.

ब्लास्टिंग झालेलं लोखंड अत्यंत हावरट असतं. दमट हवेत काही तासांत त्यावर तांबूस छटा येते. म्हणून ब्लास्टिंगच्या दिवशीच, शक्यतो चार तासांच्या आत प्रायमरचा पहिला हात बसायला हवा. उघड्या हाताने स्पर्श करू नका, घामातलं मीठ बोटांचे ठसे उठवतं. कामाचा काळ नोव्हेंबर ते मे धरा. थंडीत सकाळी लोखंडावर दव असतं, ते डोळ्यांना दिसत नाही तरी असतं. ओल्या फडक्याने एक पट्टा पुसा. पंधरा मिनिटांत तो पूर्ण वाळला तर रंग मारा, नाही वाळला तर ऊन चढू द्या.

आता कोटिंग

रेड ऑक्साइड. फॅब्रिकेटरचा लाडका, स्वस्त, कुठेही मिळतो. त्यातली लाल पूड गंज थांबवत नाही, ती फक्त रंग देते. साध्या रेड ऑक्साइडचा थर ओलावा आत सोडतो, त्यामुळे वर दुसरा रंग न मारता तो तसाच ठेवला तर एका पावसाळ्यात लोखंड बोलायला लागतं. गेटला ठीक. ज्या चासीवर तुम्ही महिनोन्‌महिने मेहनत करणार आहात तिच्यासाठी मी तो सुचवणार नाही.

रस्ट कन्व्हर्टर. फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडवर आधारलेलं हे द्रव्य पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजाचं काळ्या स्थिर थरात रूपांतर करतं. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते वाया जातं. हाताने साफ केलेल्या खड्ड्यांत जरूर वापरा, पण नंतर धुवायचं की नाही ते डब्यावर वाचा. उरलेलं ॲसिड वरच्या इपॉक्सीला नीट सुकू देत नाही. ब्लास्टिंग केलेल्या लोखंडाला याची गरजच नाही.

टू-पॅक (बेस आणि हार्डनर मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, झिंक फॉस्फेटवाला. नवख्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरतं, ओलावा फार कमी सोडतं, पेट्रोल-ऑइलला दाद देत नाही, आणि ब्रशनेही मारता येतं. मुख्य म्हणजे पुढे कुठे खरवडलं तर तेवढीच जागा घासून घरच्या घरी दुरुस्त करता येते. हाताने साफ केलेल्या लोखंडासाठी "सरफेस टॉलरंट" प्रकारचं इपॉक्सी मागा. ते थोडाफार घट्ट गंज सहन करतं. इपॉक्सीला उन्हाचं वावडं आहे, ऊन लागलं की पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते. चासी बहुतेक सावलीत असते, तरी वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) किंवा चांगल्या चासी ब्लॅकचा (चासीसाठीच्या काळ्या रंगाचा) हात हवा.

झिंक रिच इपॉक्सी. सुक्या थरात वजनाने साधारण ८० टक्के जस्त. हे जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि ओरखडा पडला तरी लोखंडाला वाचवतं. पण त्यासाठी जस्ताचे कण थेट लोखंडाला टेकायला हवेत. ब्लास्टिंग नसेल, खाली गंज किंवा दुसरं प्रायमर असेल, तर झिंक रिच म्हणजे फक्त महाग राखाडी रंग. घाटातून कोकणात वारंवार जाणारी गाडी आणि एसए अडीच ब्लास्टिंग, असा योग असेल तर झिंक रिचवर इपॉक्सी आणि त्यावर पीयू ही साखळी फार टिकाऊ होते. "कोल्ड गॅल्व्हनायझिंग"च्या नावाने मिळणारे स्प्रे याच जातीचे रंग आहेत. गरम जस्तात बुडवण्याशी त्यांची बरोबरी करू नका.

पावडर कोटिंग. दिसायला अप्रतिम, एकसारखं, कठीण. बुलेटच्या फ्रेमला अनेकजण हेच करतात, आणि ते चुकीचं नाही. पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि १८० ते २०० अंशांवर भट्टीत वितळून बसते. त्यामुळे आतल्या कोपऱ्यांत, पेटीच्या आत पावडर पोचतच नाही, विजेचा भार कडांवरच जमतो. चासीत जुनं ग्रीस राहिलं असेल तर भट्टीत ते वितळून फटीतून बाहेर येतं आणि सगळा पृष्ठभाग बिघडवतं. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ती या उष्णतेत टिकत नाही. रबर बुश, बेअरिंग सगळं आधी काढायचं. आटे, स्टिअरिंगचे कप, इंजिन बसतं त्या जागा उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकून घ्यायच्या. पावडर "प्युअर पॉलिएस्टर" मागा. घरातल्या वस्तूंना वापरतात ते हायब्रिड उन्हात फिकं पडतं. आणि भट्टीची लांबी आधी विचारा, पाइपची फ्रेम कुठेही मावते, जीपची चासी सगळीकडे मावत नाही.

पावडरचा खरा दोष दगड लागल्यावर दिसतो. कठीण थर टवका उडून निघतो, पाणी त्या तोंडातून आत शिरतं आणि थराखाली लांबवर गंज पसरतो. वरून चकचकीत, आत फुगवटा. ब्रशने त्याची दुरुस्ती जमते, पण ती दिसते. म्हणून रविवारी फिरवायच्या बुलेटला पावडर, आणि खडीच्या रस्त्यावरच्या जीपला इपॉक्सी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात सगळी चासी बुडवायची. आतून-बाहेरून सारखाच थर बसतो, आणि आतल्या बाजूसाठी याच्या तोडीचं काहीच नाही. तरीही पहिल्या रिस्टोरेशनला मी नको म्हणेन. बंद पेटीला हवा आणि जस्त जायला-यायला भोकं नसतील तर आतला ओलावा वाफ होऊन पेटी फुटू शकते, माणसं जखमी होतात. लांब चासी उष्णतेने वाकू शकते. रिव्हेटच्या फटीत आधीच्या हौदातलं ॲसिड राहतं. चासी नंबर जस्ताने भरून जातो. आणि वर काळा रंग हवा असेल तर साधा इनॅमल जस्तावर टिकत नाही, हलकं ब्लास्टिंग किंवा खास प्रायमर लागतं. नव्याने बनवलेल्या ट्रॉलीच्या फ्रेमला हे उत्तम.

रबराइज्ड अंडरकोट आणि डांबरी लेप. चाकांच्या कमानीत, जिथे खडी उडते तिथे, चांगल्या इपॉक्सीवर एक हात उपयोगी. गंजावर थेट फासला तर तो गंज लपवतो. एकदा तडा गेला की पाणी आत शिरतं आणि बाहेर येत नाही. जुनी गाडी विकत घेताना खालून ताजा काळा जाड लेप दिसला तर तो खरवडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

जळकं ऑइल-डिझेल फवारणं आपल्याकडे अजून चालतं. तेलाने ओलावा अडतो हे खरं, पण ते रबर बुश आणि ब्रेकचे होज खराब करतं, धूळ चिकटवतं, पावसात धुऊन ओढ्या-विहिरीत जातं. आणि पुढे कधी रंग मारायचा झाला तर कोणताच रंग धरत नाही.

रंग मारताना

कडा, भोकं, वेल्डिंगच्या शिवणी आणि रिव्हेटची डोकी यांना आधी ब्रशने एक जादा हात द्या. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथे थर सगळ्यात पातळ राहतो; गंज तिथूनच सुरू होतो. कानशीने कडा किंचित गोल केल्या तर आणखी बरं. त्यानंतर सगळीकडे इपॉक्सीचे दोन हात, वर पीयूचा एक किंवा दोन. सुक्या थराची एकूण जाडी १५० ते २०० मायक्रॉनच्या आसपास असावी. पावडर कोटिंगवाल्याकडे जाडी मोजायचं मीटर बहुधा असतं, विनंती केली तर मोजून मिळेल.

टू-पॅक रंगाचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका. मापाच्या भांड्यात बेस आणि हार्डनर सांगितल्याप्रमाणे घ्या, ढवळा, कंपनीने थांबायला सांगितलं असेल तितकं थांबा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मिश्रण डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडं बनवा. घट्ट झालेल्यात थिनर ओतून चालवू नका. दोन हातांमध्ये किती तास, आणि जास्तीत जास्त किती दिवस, हे कंपनीच्या डेटा शीटवर दिलेलं असतं. ती मुदत उलटली तर आधी पेपरने हलकं घासल्याशिवाय पुढचा हात चिकटणार नाही. जुन्या इनॅमलवर थेट टू-पॅक मारू नका, तो खालचा थर उचलतो आणि सगळं सुरकुततं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारलेल्या तुषारांतून ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून हे काम होत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडून गन मारून घ्या. घरी करायचं असेल तर मोकळ्या जागेत ब्रश-रोलरने मारा. चासीवर ब्रशच्या रेषा दिसल्या तरी काही बिघडत नाही.

आतली बाजू

बंद पेट्यांच्या आत ब्लास्टिंगही नीट पोचत नाही आणि रंगही. चासी बहुतेक आतूनच जाते, आणि रिस्टोरेशनमध्ये हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा सुटते. उपाय आहे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पातळ मेणासारखं द्रव्य. ते ओलसर फटींत रांगत जातं, लवचिक राहतं आणि ओरखडा स्वतः भरून घेतं. बाहेरचा रंग पूर्ण सुकल्यावर, लांब नळी आणि चारही बाजूंना तुषार मारणारं नोझल वापरून मूळ भोकांतून आत फवारा. नळी शेवटापर्यंत घाला आणि हळूहळू मागे ओढत मारा. खालच्या भोकांतून मेण ठिबकायला लागलं म्हणजे पोचलं. ठिबक थांबली की तीच भोकं तारेने मोकळी करा, पाणी निघायची वाट बुजता कामा नये. उन्हात तापलेल्या चासीत मेण चांगलं पसरतं, म्हणून मे महिना सोयीचा. दर एक-दोन वर्षांनी मिरगाच्या आधी पुन्हा मारा.

मग कोणतं निवडू?

दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक बाहेर पडते तशी वर्षातून मोजक्या वेळा निघणारी, कोरड्या शेडमध्ये राहणारी गाडी असेल तर मूळ दिसण्याला महत्त्व द्या: इपॉक्सी, वर मूळ चमकीशी जुळणारा काळा. रोजची किंवा घाटातली जीप असेल तर ब्लास्टिंग, झिंक फॉस्फेट इपॉक्सी, पीयू, चाकांच्या कमानीत रबराइज्ड थर आणि आत मेण. ब्लास्टिंग शक्य नसेल तर सरफेस टॉलरंट इपॉक्सीचे तीन हात आणि आत मेण. बजेट कमी पडत असेल तर पीयू सोडून चासी ब्लॅक घ्या. सफाई आणि आतलं मेण यांत काटकसर नको.

जोडणी आणि नंतर

इपॉक्सी हाताला सुकलं तरी आतून पक्कं व्हायला साधारण सात दिवस लागतात. तेवढं थांबूनच पाटे आणि इंजिन चढवा. बॅटरीची अर्थ वायर बसते ती जागा चकचकीत घासून बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर स्टार्टर आणि दिवे त्रास देतात. रंगाचा थर बोल्टखाली दबतो, त्यामुळे पाटे, स्टिअरिंग बॉक्स आणि बॉडीचे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कला आवळा.

कोकणातून आलात की दुसऱ्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यानंतर एकदा लिफ्टवर घेऊन टवके शोधा. सापडला की कडा पेपरने उतरत्या करा, इपॉक्सी, वर टॉपकोट. त्यासाठी उरलेला बेस आणि हार्डनर वेगवेगळे, घट्ट बंद ठेवा. पीयूचा हार्डनर एकदा उघडला की हवेतल्या ओलाव्याने डब्यात घट्ट होतो, म्हणून त्याचा लहान डबाच घ्या आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.